ऑइल कुणी ओतलं

इंजिन ऑइल घेताना ब्रँड बघावा की नाही, हे मला विचारू नका. या एका प्रश्नावर आमच्या घरात इतकं गुऱ्हाळ चाललं की माझ्या डोक्याचा भुगा झाला, आणि अजूनही मला धड उत्तर येत नाही. कोणी म्हणतं ब्रँडच सगळं. कोणी म्हणतं डब्यावरचा आकडा बघा. कोणी म्हणतं सगळं एकाच पिंपातून येतं, वरचा कागद तेवढा वेगळा. मला एवढंच ठाऊक आहे की या ऑइलपायी आमच्या ह्यांनी आपल्या जिवाभावाच्या मित्राला चारचौघांत लबाड ठरवलं होतं, आणि तो मित्र तेच नाव कपाळावर घेऊन गाव सोडून निघाला होता.

हे व्हॅन चालवतात. मोठ्या लाँड्रीतून हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे पोचवायचे आणि मळलेल्यांची गाठोडी परत आणायची. मी त्याच लाँड्रीत घडी विभागात आहे. रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोघींनी कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा आणि घडी घालायची. दिवसभर हेच. संध्याकाळी बोटांची सालं निघतात, पण काम स्वच्छ आहे, मला आवडतं.

हे बोलायला कमी आणि हट्टाला जास्त. सकाळी उठले की चहाच्याही आधी गाडीपाशी. बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची पट्टी ओढायची, फाटक्या चादरीच्या चिंधीने पुसायची, परत आत घालायची, परत ओढायची आणि डोळ्यांजवळ धरून बघायची. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मध्ये असलं की ह्यांचा दिवस चांगला. इंजिन गार असताना, गाडी सुरू करायच्या आधी, घरासमोर. दुसऱ्या कुठल्या वेळी, दुसऱ्या कुठल्या जागी ह्यांनी ती पट्टी ओढल्याचं मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. टेम्पो स्टँडवरचे ड्रायव्हर त्यांना डॉक्टर म्हणतात, नाडी बघितल्याशिवाय निघत नाहीत म्हणून. मला आयुष्यात एकदा ताप आला तेव्हा कपाळाला हात लावायला दुपार उजाडली होती, ते जाऊ द्या.

ही सवय लावली ती भाऊजींनी. भाऊजी म्हणजे ह्यांचे मित्र, स्पेअर पार्टचे दुकानदार. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. खाली बेल्ट आणि फिल्टर, वर छतापर्यंत ऑइलचे डबे, आणि मध्ये स्टुलावर भाऊजी, चष्मा कपाळावर चढवून सगळीकडे चष्मा शोधत असलेले. ह्यांनी पहिली गाडी घेतली तेव्हा भाऊजींनीच हिरवा डबा हातात दिला आणि म्हणाले, "हेच टाक. मी विकतो म्हणजे मी जबाबदार." तेव्हापासून हिरवा डबा आणि आमची गाडी, दोघांची जन्माची गाठ. भाऊजींचं आणि ह्यांचंही तसंच होतं. दोघं एकमेकांशी काय बोलायचे देव जाणे. मी गेले की गप्प बसलेलेच दिसायचे, पण खूश दिसायचे.

मग आम्ही घर बदललं. नवं घर चढाच्या गल्लीत. गल्ली इतकी चढी की भाजीची पिशवी घेऊन वर आलं की आधी पायरीवर बसायचं, मग कुलूप उघडायचं. घर बांधणाऱ्यानेही चढाची आठवण ठेवलेली. ओट्याचा उतार चुकलेला, शेगडी एका अंगाला कललेली. कढईत तेल ओतलं की सगळं त्या कडेला जमायचं आणि अलीकडची बाजू कोरडी ठणठणीत. मी पुठ्ठ्याची घडी शेगडीच्या पायाखाली सारली आणि ह्यांना म्हटलं, ओटा दुरुस्त करून द्या. "बघू," म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

नव्या घरी आलो आणि गाडी ऑइल प्यायला लागली. सकाळी पट्टी ओढावी तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. हे भरायचे. आठवड्याने परत खाली. परत भरायचे. मग मागून निळा धूर यायला लागला. चढावर गाडी निघाली की शेजारीण खिडक्या लावून घ्यायची, आणि लावताना माझ्याकडे बघायची. एके दिवशी हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरने चादरींचं अख्खं गाठोडं परत पाठवलं. जळकट वास येतो म्हणे. मी स्वतः घडी घातलेल्या त्या चादरी. नाक लावून बघितलं तर खरंच येत होता. मला रडूच आलं, आणि रागही आला.

हे मेकॅनिककडे गेले. त्याने सगळं ऑइल काढलं, मापाने नवं भरलं, हिरव्या डब्यातलंच. धूर थांबला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बघितली तर ऑइल खाली. ह्यांनी वरून भरलं, आणि दोन-चार दिवसांत धूर परत सुरू. पालथ्या घड्यावर पाणी.

आता माणसाने काय समजायचं? ह्यांनी समजलं ते असं: डबा हिरवाच आहे, पण आतलं ऑइल ते राहिलेलं नाही. भाऊजी नकली माल विकायला लागले.

मी म्हटलं, "अहो, नाचता येईना अंगण वाकडं, तसलं करू नका. गाडी म्हातारी झाली असेल." ऐकतील तर शपथ. डबा उचलला आणि तडक दुकानात. मी मागोमाग, भांडण सोडवायला. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. ह्यांनी डबा काउंटरवर ठेवला.

"हे खरं आहे का?"

भाऊजी हसले. "सील तूच फोडलंस ना, माझ्यासमोर?"

"सीलही खोटी बनवतात आजकाल."

भाऊजींचं हसू गेलं. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, ह्यांच्याकडे नीट बघितलं, डबा उचलून मागच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, "पुढचं गिऱ्हाईक कोण?" बास. एक शब्द वाकडा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झाले असते दोघं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

हे तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण स्टँडवर जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणतोय म्हटल्यावर कोण शहानिशा करणार? ड्रायव्हर लोकांनी दुकान बदललं. कोणाच्या गाडीचा आरसा जरी गळून पडला तरी म्हणायला लागले, ऑइल त्या दुकानातलं असणार.

इकडे आमच्या घरी डब्यांचं प्रदर्शन लागलं. लाल डबा आणला, दुसऱ्या दुकानातून. ऑइल बदलल्यावर धूर गेला. हे म्हणाले, बघितलंस? मी म्हटलं, बघितलं. आठवड्याभरात धूर हजर. मग निळा डबा. तोच प्रकार. मग एक काळा, सोनेरी अक्षरांचा, पाहुण्यांना द्यावा असा. तोही चार दिवस गुणी राहिला आणि बिघडला. लेकीने फोनवर वाचून दाखवलं की ब्रँडपेक्षा ऑइल कुठल्या दर्जाचं आणि किती पातळ ते बघा. तेही बघितलं. स्टँडवर उंच टेम्पोवाला म्हणाला जाड टाका, बुटका म्हणाला पातळ टाका. मला कळेना, सगळी जगातली ऑइलं पहिले चार दिवस चांगली आणि मग वाईट कशी होतात? लग्नातल्या जावयासारखं झालं सगळं. मी ह्यांना विचारलं, "भाऊजींचं नकली होतं, मग ह्या बाकीच्यांना काय झालं?"

"त्याच्या ऑइलने इंजिन आतून खाल्लं," हे म्हणाले. "आता काहीही टाका, उपयोग नाही."

मला इंजिनातलं काय कळतं. पण भाऊजींचा चेहरा आठवायचा, आणि मनात यायचं, हा माणूस असं करणार नाही. मग वाटायचं, पण धूर तर येतोय. घोडं पेंड कुठे खातंय तेच उमगत नव्हतं.

तेवढ्यात कळलं की भाऊजी दुकान विकतायत. गुडघे गेलेत, स्टुलावर चढवत नाही, मुलाकडे कायमचे जाणार. गुडघे गेले होते हे खरं. पण स्टुलावर चढायला लागावं इतकी गिऱ्हाइकं राहिली होती कुठे? मी ह्यांना म्हटलं, "तो माणूस निघालाय. एकदा भेटून या." हे पट्टी पुसत होते. पुसतच राहिले. रात्री जेवले नाहीत. म्हणजे दुखत होतं आतून, पण ताकास तूर लागू देतील तर ना.

त्याच आठवड्यात पाइप टाकायला गल्ली खोदली. गाडी वर आणता येईना, म्हणून हे ती खाली पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात लावून आले. सकाळी चिंधी घेऊन गेले आणि धापा टाकत वर आले. चेहरा पांढरा.

"ऑइल वाढलंय," म्हणाले.

"काय?"

"वरच्या खुणेच्या कितीतरी वर आहे. काल कमी होतं. रात्रीत कोणीतरी ओतलंय."

मी म्हटलं, कोण ओतणार, वेड लागलंय का लोकांना, फुकट ऑइल ओतायला? हे पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "तोच असणार. जायच्या आधी मनाला टोचलं असणार त्याच्या. खरं ऑइल ओतून गेला." आणि ह्यांचे डोळे भरले. मी पहिल्यांदाच बघत होते. गोंधळले होते खरी, पण मला ते पटलं सुद्धा. मला म्हणाले, "चल." आम्ही तसेच निघालो.

दुकान निम्मं रिकामं झालं होतं. भाऊजी खोकी बांधत होते. आम्हाला बघून सुतळी हातातच राहिली. हे दारात उभे, आत येईनात.

"मला कळलं," हे म्हणाले. "रात्री तू ऑइल ओतलंस ते. झालं गेलं विसरलो मी. माणसाकडून चूक होते."

भाऊजींनी खोकं बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, "गाडी कुठे होती रात्री?"

"टाकीजवळ. गल्ली खोदलीय."

"आणि रोज कुठे लावतोस?"

"घरासमोर. चढावर."

"नव्या घरी गेल्यापासून?"

"हो. का?"

भाऊजी खाली बघायला लागले. सुतळीची गाठ सोडली, परत मारली. मला वाटलं चिडले. पण मान वर केली तेव्हा चेहरा शांत होता.

"हो," म्हणाले. "मीच ओतलं. अंधारात जास्त पडलं बघ हातून. आज मेकॅनिककडे जा आणि वरच्या खुणेपर्यंत काढून टाक. आणि गाडी यापुढे टाकीजवळच लावत जा. चढावर ब्रेकला ताण येतो."

ह्यांनी आत जाऊन त्यांचा हात धरला. भाऊजींनी स्टूल पुढे केलं, आणि दोघं गप्प बसले, पूर्वीसारखे. मी बाहेर उभी राहिले. मला आनंद झाला होता, पण कुठेतरी खटकत होतं. ऑइल ओतलं ते ओतलं, गाडी कुठे होती ते कशाला विचारायचं? ओतणाऱ्याला ते माहीत नसणार का?

जास्तीचं ऑइल काढलं, गाडी टाकीजवळ लागायला लागली, आणि धूर गेला तो गेलाच. सिस्टरने एकही गाठोडं परत केलं नाही. हे खूश. स्टँडवर मोठ्या मनाने सांगून आले, "कबूल केलं त्याने. मी माफ केलं." म्हणजे आतापर्यंत नुसता संशय होता, आता शिक्का बसला. मला ते ऐकून कसंतरीच झालं, पण का ते सांगता येईना.

भाऊजी निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या प्रवासाला काहीतरी तळायला घेतलं. ओटा पुसताना पुठ्ठा कुठेतरी गेला होता. कढईत तेल ओतलं, अलीकडची बाजू कोरडी दिसली, म्हणून सवयीने आणखी ओतलं. मग पुठ्ठा सापडला, शेगडीखाली सारला, आणि तेल सगळीकडे सरळ झालं. काठोकाठ. इतकं तेल मी ओतलं कधी, असं वाटलं. आणि माझा हात तिथेच थांबला.

मी गॅस बंद केला आणि ह्यांना हाक मारली. "ऑइलची पट्टी इंजिनाच्या कुठल्या बाजूला आहे?" "पुढच्या," म्हणाले. "आणि गाडी चढावर तोंड वर करूनच लावत होतात ना?" मी पुठ्ठा काढला, घातला, परत काढला. हे बघत राहिले. कधी कमी नव्हतंच ऑइल. चढावर ते मागे जमायचं, पट्टीला लागायचं नाही, आणि हे वर आणखी भरायचे. जास्त झालेलं जळून धूर व्हायचा, पातळी उतरली की हे परत भरायचे. मेकॅनिकने मापाने भरलं की चार दिवस बरं, मग ह्यांची पट्टी परत कोरडी. हिरवा, लाल, निळा, काळा, कोणाचाच दोष नव्हता. अंगणच वाकडं होतं.

"मग त्या रात्री ओतलं कोणी?" ह्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

हे उठले आणि खाली गेले. गल्ली तोवर बुजवली होती. मी खिडकीतून पाहिलं. गाडी घरासमोर चढावर आणली. इंजिन गार व्हायची वाट बघत पायरीवर बसून राहिले. पट्टी ओढली. मग टाकीजवळ नेली, तिथेही तसेच बसले. अंधार पडायला वर आले. "चढावर कोरडी, खाली बरोबर," एवढंच म्हणाले. मीही टोमणा मारला नाही, हे माझ्या हिशेबाने फार झालं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना स्टेशनवर सोडायला आमचीच व्हॅन. भाऊजी पुढे, मी मागे गाठोड्यांच्या जागी, बॅगांमध्ये. लाँड्रीच्या वळणावर ह्यांनी गाडी बाजूला घेतली.

"तू खोटं का बोललास?"

भाऊजींनी ओळखलं. कपाळावर हात नेला, चष्मा तिथे नव्हता, डोळ्यांवरच होता. "तू दारात आला होतास," म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर मान खाली घालून गेला असतास. मग परत आला नसतास. मी ओळखतो तुला."

"पण तुझं नाव..."

"दुकान तर विकलं होतं. नावाचं काय करायचं होतं मला?"

हे स्टिअरिंग धरून बसले. मग हुंदका आला त्यांना, मोठ्याने, लहान मुलासारखा. मीही पदराने डोळे पुसत होते. भाऊजी म्हणाले, "चल रे, उशीर होईल." ह्यांनी गाडी वळवली, पण उलट्या दिशेला, स्टँडकडे.

स्टँडवर सगळे होते. हे उतरले, भाऊजींना हात धरून उतरवलं, आणि सगळ्यांच्या मध्ये उभे राहून म्हणाले, "ह्याने नकली ऑइल कधीच विकलं नाही. कबूल केलं ते माझ्यासाठी खोटं केलं. चूक माझी होती. मला पट्टी बघता आली नाही." आणि चढाचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाने. कोणी हसलं नाही. भाऊजी मान खाली घालून पायाने माती सारखी करत होते.

मग अर्थातच वाद सुरू झाला. बुटका म्हणाला, म्हणजे ब्रँडने फरक पडत नाहीच. उंच म्हणाला, असं कुठे सिद्ध झालं? मीही विचारलं, "भाऊजी, जाता जाता तुम्ही तरी सांगा, पडतो की नाही?" भाऊजी म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं विकलं. योग्य दर्जाचं, खरं, आणि वेळेवर बदललेलं असलं तर..." तेवढ्यात हे मध्येच म्हणाले, "हिरवाच टाकायचा." भाऊजी हसले, आणि वाक्य राहूनच गेलं.

सगळ्यात आधी ज्याने दुकान बदललं होतं तो उंच टेम्पोवाला पुढे आला. अवघडून उभा राहिला. "माझं ऑइल बदलायचंय," म्हणाला. "उद्या येऊ का? उद्या उघडं आहे ना दुकान?"

भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही रे," म्हणाले. "उद्या नाही."

हे चिंधी घेऊन व्हॅनची काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती.